ओव्हरसॅम्पलिंगने एडीसीचे रिझोल्यूशन वाढवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, बदलण्याऐवजी जास्त सॅम्पल्स घेऊन त्यातूनच एखाददुसरा बिट अधिक मिळवता येतो, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानावर आलेले असते. ही पद्धत कोणत्या अटींवर चालते, हे मात्र क्वचितच नीट सांगितले जाते. पुढील उत्तरांत उदाहरणासाठी अर्डुइनो उनो बोर्डावरील एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर घेतला आहे. त्याचा एडीसी १० बिटचा आहे, म्हणजे ५ व्होल्टच्या संदर्भ व्होल्टेजवर त्याची एक पायरी सुमारे ४.८८ मिलिव्होल्टची असते.

ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे नेमके काय?

सिग्नलमधील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने सॅम्पल्स घेतली, तर त्या सिग्नलमधील माहिती हरवत नाही. त्या किमान वेगापेक्षा मुद्दाम कितीतरी पट अधिक वेगाने सॅम्पल्स घेणे, ती एकत्र करून फिल्टर करणे आणि त्यातून कमी वेगाची पण जास्त बिटांची रीडिंग्ज काढणे, या तीन कृती मिळून ओव्हरसॅम्पलिंग होते. यात वेग देऊन बिट विकत घेतले जातात. खोलीचे तापमान, टाकीतील पाण्याची पातळी किंवा बॅटरीचे व्होल्टेज यांसारख्या संथ राशींसाठी हा सौदा परवडतो, कारण तिथे एडीसीचा वेग एरवी वायाच जात असतो.

एका बिटासाठी चारपट सॅम्पल्स लागतात, हा नियम कुठून आला?

एडीसी खऱ्या व्होल्टेजला जवळच्या पायरीवर आणून ठेवतो, त्यामुळे प्रत्येक रीडिंगमध्ये अर्ध्या पायरीपर्यंतची चूक राहते. सिग्नल पुरेसा हलता असेल, तर ही चूक यादृच्छिक नॉईजसारखी वागते आणि तिचे आरएमएस मूल्य (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) पायरीच्या १/√१२ पट, म्हणजे सुमारे ०.२९ पायरी असते. बेल लॅबोरेटरीजमधील डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८ मध्ये या क्वांटायझेशन नॉईजच्या स्पेक्ट्रमचे सविस्तर गणित मांडले.

कळीचा मुद्दा असा, की या नॉईजची एकूण शक्ती सॅम्पलिंगच्या वेगावर अवलंबून नसते. वेग वाढवला की तीच शक्ती सॅम्पलिंगच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच्या, म्हणजे अधिक रुंद, पट्ट्यात पसरते. आपला सिग्नल त्या पट्ट्याच्या खालच्या छोट्याशा भागात असल्यामुळे उरलेला भाग डिजिटल फिल्टरने कापून टाकता येतो. वेग चौपट केला, तर आपल्या वाट्याला पाव शक्ती, म्हणजे निम्मा आरएमएस नॉईज येतो. डेसिबलमध्ये हा फायदा ६.०२ भरतो आणि आदर्श एडीसीत एका बिटाची किंमतही तेवढीच असते. म्हणून १ बिटासाठी ४, २ बिटांसाठी १६, ३ बिटांसाठी ६४ आणि ४ बिटांसाठी २५६ सॅम्पल्स लागतात.

मग साधी सरासरी काढली तर तेच होणार नाही का?

सरासरी कशी काढता यावर ते ठरते. समजा १६ सॅम्पल्सपैकी १० वेळा ५१२ आणि ६ वेळा ५१३ आले. बेरीज ८१९८ झाली. तिला पूर्णांकात १६ ने भागले तर ५१२ उरते, आणि सॅम्पल्समध्ये दडलेली ०.३७५ पायरीची माहिती आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. नॉईज कमी झाला, पण नवा बिट मिळाला नाही.

त्याऐवजी बेरजेला फक्त ४ ने भागावे, म्हणजेच दोन बिट उजवीकडे सरकवावे. भागण्यापूर्वी २ मिळवले तर जवळच्या पूर्णांकात रूपांतर होते: ८२०० भागिले ४, म्हणजे २०५०. हे उत्तर १२ बिटांच्या मापावरचे आहे. जुन्या मापावर ते ५१२.५ येते आणि खऱ्या सरासरीपासून तीन अष्टमांश पायरीने नव्हे, तर अवघ्या एक अष्टमांश पायरीने दूर राहते. सर्वसाधारण नियम असा, की n बिट वाढवायचे असतील तर ४ चा n वा घात इतकी सॅम्पल्स बेरजेत घ्यावीत आणि ती बेरीज n बिटच सरकवावी.

प्रोग्राम लिहिताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे, एटीमेगावर साधा इंट १६ बिटांचा आणि चिन्हासहित असतो, त्याची कमाल ३२७६७. चौसष्ट सॅम्पल्सची बेरीज १०२३ × ६४ = ६५४७२ पर्यंत जाते, ती चिन्हरहित १६ बिटांत जेमतेम मावते; २५६ सॅम्पल्सना ३२ बिटांचा व्हेरिएबलच हवा. दुसरी म्हणजे, १६ सॅम्पल्सनंतरची कमाल ४०९२ असते, ४०९५ नव्हे. व्होल्टेज काढताना मात्र ४०९६ ने भागावे.

नॉईज असल्याशिवाय ही पद्धत चालत नाही, असे का म्हणतात?

या विषयातील हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो विचारल्याशिवाय ओव्हरसॅम्पलिंगच्या वाटेला जाऊच नये. वरचे सगळे गणित क्वांटायझेशनची चूक प्रत्येक सॅम्पलला वेगळी असते या गृहीतकावर उभे आहे. इनपुटवर अगदी स्थिर व्होल्टेज आहे, सर्किट अतिशय शांत आहे आणि खरे मूल्य ५१२.३७५ आहे, असे समजा. एडीसी प्रत्येक वेळी ५१२ च देईल. अशी दहा लाख सॅम्पल्स घेतली तरी सरासरी ५१२ च राहील, कारण प्रत्येक सॅम्पलमधील चूक तंतोतंत सारखी आहे. प्रोग्राम १२ बिटांचे आकडे छापेल, पण त्यातील शेवटचे दोन बिट नेहमी शून्य असतील.

व्होल्टेजवर थोडा यादृच्छिक नॉईज स्वार झाला, की रीडिंग कधी ५१२ तर कधी ५१३ येऊ लागते, आणि कोणते किती वेळा आले या प्रमाणातच खऱ्या मूल्याची माहिती असते. नॉईज गॉसियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वाटपाचा, आहे आणि त्याचे आरएमएस मूल्य अर्धी पायरी आहे असे धरले, तर असंख्य सॅम्पल्सच्या सरासरीत क्वांटायझेशनमुळे उरणारी चूक पायरीच्या ०.००२३ पटीहून अधिक नसते. तेच मूल्य पाव पायरीवर आणले, तर ही चूक ०.०९३ पायरीपर्यंत चढते, म्हणजे चाळीसपट. नॉईज निम्मा होताच पद्धत इतकी कोलमडते, ही गोष्ट पहिल्यांदा समजते तेव्हा चकित करते. कारण एरवी सर्किट शांत करण्यासाठीच आपण जिवाचे रान करत असतो.

आपल्या सर्किटमध्ये पुरेसा नॉईज आहे की नाही, हे कसे ओळखावे?

प्रत्यक्ष सेन्सर जोडलेला असताना, राशी स्थिर ठेवून, सरासरी न काढलेली हजारभर रीडिंग्ज छापून घ्यावीत आणि कोणता आकडा किती वेळा आला ते मोजावे. सगळी रीडिंग्ज एकाच आकड्यावर असतील, तर नॉईज अपुरा आहे. मुख्यतः दोनच आकडे दिसत असतील, तर स्थिती काठावरची आहे. तीन ते पाच आकड्यांवर घंटेच्या आकाराचे वाटप दिसले, तर नॉईज साधारण हवा तसा आहे. वाटपाला दोन शिखरे असतील किंवा ठरावीक अंतराने उसळ्या दिसत असतील, तर तो यादृच्छिक नॉईज नाही. एखादी मोटर, रिले किंवा स्विचिंग पॉवर सप्लाय सर्किटमध्ये घुसखोरी करतो आहे, आणि सरासरीकडे वळण्याआधी त्याचा बंदोबस्त करावा.

यात एक विरोधाभास आहे. इनपुटवर मोठ्या कपॅसिटरचा फिल्टर लावला आणि त्याच वेळी एटीमेगाची एडीसीसाठी असलेली नॉईज कमी करणारी स्लीप अवस्थाही वापरली, तर रीडिंग्ज एकाच आकड्यावर थिजू शकतात. त्या स्थितीत ओव्हरसॅम्पलिंगचा काही उपयोग होत नाही.

नॉईज अपुरा असेल तर काय करावे?

तो बाहेरून मिसळावा. या पद्धतीला डिदर म्हणतात; अमेरिकेतील एमआयटीमध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी चित्रांच्या डिजिटल संकेतनासाठी हीच कल्पना वापरली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली.

मायक्रोकंट्रोलरवर खऱ्या यादृच्छिक नॉईजपेक्षा त्रिकोणी लहर सोयीची पडते. तिचे शिखरापासून शिखरापर्यंतचे मूल्य बरोबर एक पायरी असेल, तर ती पायरीचा प्रत्येक भाग सारखाच वेळ व्यापते आणि क्वांटायझेशनची सरासरी चूक सैद्धांतिकदृष्ट्या शून्य होते. एका पिनवर चौकोनी लहर तयार करावी, रेझिस्टर-कपॅसिटरने तिची त्रिकोणी करावी, डीसी भाग कपॅसिटरने अडवावा आणि मोठ्या रेझिस्टरमधून ती एडीसीच्या पिनला जोडावी. चौकोनी लहर तशीच जोडून भागत नाही, कारण तिला दोनच पातळ्या असतात.

वारंवारता निवडताना विचार करावा लागतो. सेकंदाला ३२०० सॅम्पल्स घेऊन ६४ चा एक गट करत असाल, तर गटाला २० मिलिसेकंद लागतात. डिदर ४०० हर्ट्झचा ठेवला, तर दर ८ सॅम्पल्सनंतर लहर त्याच स्थितीत येते आणि ६४ सॅम्पल्समध्ये केवळ ८ वेगळ्या स्थिती मिळतात. तोच ५०० हर्ट्झचा ठेवला, तर गटात बरोबर १० आवर्तने बसतात, डिदरची स्वतःची सरासरी शून्य राहते आणि ३२ वेगळ्या स्थिती मिळतात. उनोवर टायमर-२ ला ६४ चा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) देऊन तुलनेचे मूल्य २४९ ठेवले आणि पिन टॉगल केला, की ११ क्रमांकाच्या पिनवर नेमके ५०० हर्ट्झ मिळतात.

१६ सॅम्पल्स घेऊन १० बिटांचे खरोखर १२ बिट होतात का?

छापील बिट १२ होतात. प्रभावी बिट बहुधा त्याहून कमी असतात. अर्ध्या पायरीचा गॉसियन नॉईज आणि ०.२९ पायरीचा क्वांटायझेशन नॉईज एकत्र केले, तर एका सॅम्पलचा एकूण नॉईज सुमारे ०.५८ पायरी होतो. सोळा सॅम्पल्सनी तो चौथ्या हिश्शावर, म्हणजे जुन्या मापावर ०.१४ पायरीवर येतो, जो १२ बिटांच्या मापावर पुन्हा ०.५८ पायरी आहे. आदर्श १२ बिटांच्या एडीसीत तो ०.२९ असता. पद्धत चालावी म्हणून जो नॉईज लागतो, त्याचीच किंमत एक बिट भरते.

त्यामुळे शेवटचा आकडा स्थिर असण्याची गरज असेल, तर १२ बिटांसाठी ६४ सॅम्पल्सचा हिशेब धरावा, असे माझे मत आहे. चारच्या घाताचा नियम म्हणजे कमाल शक्य फायदा आहे, हमी नव्हे.

यासाठी वेळ किती लागतो?

एटीमेगाच्या एडीसीला पूर्ण रिझोल्यूशनसाठी ५० ते २०० किलोहर्ट्झ या टप्प्यातील क्लॉक लागतो. १६ मेगाहर्ट्झला १२८ ने भागून १२५ किलोहर्ट्झ मिळतात आणि एका रूपांतराला १३ क्लॉक लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६१५ सॅम्पल्स. सोळाच्या गटांनी सेकंदाला सुमारे ६०० रीडिंग्ज मिळतात, ६४ च्या गटांनी १५० आणि २५६ च्या गटांनी साधारण ३७.

याच रीतीने १० बिटांवरून २४ बिटांपर्यंत जाता येईल का?

नाही. १४ बिट वाढवण्यासाठी ४ चा १४ वा घात, म्हणजे २६ कोटी ८४ लाखांहून अधिक सॅम्पल्स लागतील, आणि वरच्या वेगाने एका रीडिंगला पावणेआठ तास. तेवढ्या वेळात तापमानाबरोबर संदर्भ व्होल्टेज कितीतरी पायऱ्यांनी सरकलेले असते. कमी वारंवारतेचा फ्लिकर नॉईज आणि असे सरकणे सरासरीने कमी होत नाही. व्यवहारात दोन, फार तर तीन बिटांवर थांबणे शहाणपणाचे.

विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीचे काय?

ही यादृच्छिक नसते, म्हणून ती डिदरचे काम नीट करत नाही. पण गटाची लांबी जुळवली तर ती जवळपास पूर्ण घालवता येते. सॅम्पल्सचा गट नेमका २० मिलिसेकंदांचा, म्हणजे भारतातील वीजपुरवठ्याच्या एका पूर्ण आवर्तनाचा असेल, तर बेरजेत ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील बहुतेक वारंवारता आपोआप शून्य होतात. अमेरिकेत पाठवायच्या उपकरणात गट १०० मिलिसेकंदांचा ठेवावा. त्यात ५० हर्ट्झची ५ आणि ६० हर्ट्झची ६ आवर्तने बसतात.

यासाठी सॅम्पल्समधील अंतर काटेकोर लागते. अर्डुइनोचे अ‍ॅनालॉगरीड हे फंक्शन लूपमध्ये फिरवून ते मिळत नाही, कारण मध्येच एखादा इंटरप्ट येतो आणि अंतर बदलते. टायमर-१ ला ८ चा प्रीस्केलर आणि ६२४ हे कमाल मूल्य दिले, की दर ३१२.५ मायक्रोसेकंदांनी एक ट्रिगर मिळतो आणि ६४ सॅम्पल्स बरोबर २० मिलिसेकंदांत बसतात. हा ट्रिगर टायमर-१ च्या बी तुलनेतून एडीसीला द्यावा आणि प्रत्येक वेळी त्या तुलनेचा इंटरप्ट फ्लॅग पुसावा. फ्लॅग तसाच राहिला तर एडीसी एक सॅम्पल घेऊन गप्प बसतो, आणि दोष कुठे आहे ते लवकर सापडत नाही.

यामुळे मापनाची अचूकताही वाढते का?

वाढत नाही. संदर्भ व्होल्टेज दोन टक्क्यांनी चुकीचे असेल, तर उत्तर दोन टक्क्यांनीच चुकेल, फक्त ती चूक अधिक दशांश स्थळांपर्यंत दिसेल. ऑफसेट, गेनची चूक आणि एडीसीच्या पायऱ्यांचा असमानपणा यांतले काहीही सरासरीने नाहीसे होत नाही. रास्पबेरी पाय पिकोवरील आरपी२०४० या चिपच्या १२ बिटांच्या एडीसीत ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या आकड्यांपाशी पायऱ्या प्रमाणाबाहेर रुंद आहेत, आणि उत्पादकाने हा दोष आपल्या कागदपत्रांत नोंदवला आहे. तिथे ओव्हरसॅम्पलिंग करून इतरत्र सुधारणा होईल, पण ही चार ठिकाणे तशीच राहतील.

म्हणून बिट वाढवण्याआधी मापनाची व्याप्ती तपासावी. एलएम३५ हा तापमापक सेन्सर एका अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. पाच व्होल्टच्या संदर्भावर एक पायरी जवळपास अर्ध्या अंशाची होते. सोळा सॅम्पल्सनी ती सुमारे ०.१२ अंशावर येईल. पण एटीमेगातील १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ निवडला, तर एकाच सॅम्पलमध्ये ती ०.११ अंशाची होते आणि मापन ११० अंशांपर्यंत चालते. हा अंतर्गत संदर्भ चिपनुसार १.० ते १.२ व्होल्ट इतका बदलतो, तेव्हा तो एकदा चांगल्या मल्टीमीटरने मोजून प्रोग्राममध्ये लिहावा. व्याप्ती जुळवल्यावरही बिट कमी पडत असतील, तरच ओव्हरसॅम्पलिंगकडे यावे.

वजनकाट्यांतील २४ बिटांचे एडीसी मग कसे चालतात?

एचएक्स७११ सारख्या चिपमध्ये सिग्मा-डेल्टा एडीसी असतो. तोही ओव्हरसॅम्पलिंगच करतो, परंतु फीडबॅकच्या साहाय्याने क्वांटायझेशन नॉईज वरच्या वारंवारतांकडे ढकलतो आणि मग फिल्टरने कापतो. साध्या ओव्हरसॅम्पलिंगमध्ये वेग दुप्पट केल्यावर अर्धा बिट मिळतो. पहिल्या क्रमाच्या सिग्मा-डेल्टात दीड आणि दुसऱ्या क्रमाच्या अडीच. ही रचना जपानमधील इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये मांडली. एचएक्स७११ सेकंदाला १० किंवा ८० च रीडिंग्ज देतो, आणि त्यातील शेवटचे काही बिटही नॉईजमध्येच असतात. लोडसेलसाठी, म्हणजे वजनकाट्यातील सेन्सरसाठी, हीच चिप घ्यावी. दहा बिटांच्या एडीसीशी झगडत बसू नये.

हे काम हार्डवेअर करू शकते का?

अनेक नव्या मायक्रोकंट्रोलरमध्ये तशी सोय आहे. एसटीएम३२ च्या एल४ आणि जी० मालिकांतील एडीसी २ ते २५६ सॅम्पल्सची बेरीज करून ती हवी तितकी सरकवून देतो, तर मेगाएव्हीआर ०-मालिकेतील एडीसी ६४ पर्यंत सॅम्पल्स साठवतो. प्रोसेसरचा वेळ वाचतो. नॉईजची अट मात्र तीच राहते.

वाढलेले बिट खरे आहेत, याची खात्री कशी करावी?

१००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडावा, कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत चार्ज करून पुरवठा काढावा आणि १० किलोओहममधून एडीसीच्या पिनला द्यावा. व्होल्टेज सुरुवातीला सेकंदाला सुमारे ५ मिलिव्होल्टने, म्हणजे १० बिटांच्या जवळपास एका पायरीने, उतरते. ओव्हरसॅम्पल केलेली रीडिंग्ज संगणकावर आलेखात काढावीत. रेषा सलग उतरत असेल, तर मधले बिट खरे आहेत. ती जुन्या दहा बिटांच्या पातळ्यांवर थबकत आणि मग एकदम घसरत असेल, तर नॉईज कमी आहे. मोठा कपॅसिटर बाहेरचा नॉईज गिळतो, म्हणून ही चाचणी प्रत्यक्ष सेन्सरपेक्षा थोडी कडक आहे. डिदर देत असाल तर तो १० किलोओहमच्या पुढे, पिनच्या बाजूला द्यावा, नाहीतर कपॅसिटर तोही गिळून टाकेल.